मला पुढे पाठवा

१९४४ सालच्या ऑगस्टमध्ये प्योत्र मोल्चानोव या युद्धवार्ताहराला आघाडीवरून एक पत्र आलं. मोल्चानोव सोव्हिएत लाल सेनेच्या पाचव्या आर्मीच्या वर्तमानपत्रात होता. त्या वर्तमानपत्राचं नावच ‘शत्रूचा नायनाट करू’ असं होतं. सैनिक वार्ताहराला लिहितात ते बहुधा आपलं नाव छापून यावं म्हणून, किंवा घरच्यांचा ठावठिकाणा लागत नाही, जरा चौकशी करा म्हणून. या पत्रातली मागणी निराळी होती. लिहिणाऱ्या मुलीला वशिला हवा होता. तुमची वर ओळख आहे, तर साहेबांच्या कानावर घाला आणि मला अगदी पुढच्या फळीत, पायदळाबरोबर पाठवा. इथे मागे माझं मन लागत नाही.

मुलगी वीस वर्षांची होती. वर्ष-सव्वा वर्षापूर्वीपर्यंत ती आर्खांगेल्स्क शहरातल्या एका बालवाडीत मुलं सांभाळत होती. हे पत्र लिहिलं तेव्हा तिच्या नावावर चाळिसाच्या आसपास जर्मन सैनिक टिपल्याची नोंद होती. तिचं नाव रोझा शानिना. हुद्दा सीनियर सार्जंट, काम स्नायपरचं.

माझ्या पिढीच्या मराठी घरांत सोव्हिएत वीर तसे परके नव्हते. ‘सोव्हिएत देश’चे गुळगुळीत अंक यायचे, त्यांच्या पानांची वह्यांना कव्हरं व्हायची आणि भूगोलाच्या वहीवरून एखादी पदकांनी लगडलेली बाई वर्षभर आपल्याकडे बघत राहायची. त्या बायका कधी दमलेल्या दिसत नसत. रोझाच्या रोजनिशीच्या वह्या आणि पत्रं वाचताना पहिल्यांदा जाणवतं ते हेच, की ही बाई दमते. चिडते, रुसते, वरिष्ठांना फसवून पळते, प्रेमाच्या बाबतीत गोंधळते आणि स्वतःवर लिहून आलेली बातमी वाचून वैतागते. म्हणून तिची पदकं आणि आकडे बाजूला ठेवून तिचे कागद वाचावेत, असं मला वाटतं.

तिचं गाव येद्मा, उत्तर रशियातल्या आर्खांगेल्स्क प्रांतातलं. जन्म ३ एप्रिल १९२४. वडील येगोर लाकूडतोडे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन अपंगत्व घेऊन परतलेले. आई आन्ना सामूहिक शेतीवर गाईंच्या धारा काढणारी. घर भावंडांनी भरलेलं, त्यात आईवडिलांनी आणखी तीन अनाथ मुलं सांभाळायला घेतलेली. मुलीचं नाव ठेवलं कम्युनिस्ट क्रांतिकारक रोझा लक्झेम्बुर्गवरून, यावरून घरातलं वारं कळतं. वरच्या वर्गांची शाळा बेरेझ्निकला, तेरा किलोमीटरांवर, आणि तिथवर चालत जावं लागे.

चौदाव्या वर्षी पोरीच्या मनाने घेतलं की आर्खांगेल्स्कला जाऊन शिक्षिकेचं शिक्षण घ्यायचं. घरच्यांचा विरोध होता. ती निघाली. सर्वांत जवळचं रेल्वे स्टेशन सुमारे दोनशे किलोमीटरांवर, मध्ये सगळा तैगा, म्हणजे सूचिपर्णी झाडांचं अथांग जंगल. तेवढं अंतर पायी तोडून तिने गाडी पकडली. पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज इथे आहे असं म्हणण्याचा मोह होतो, आणि या बाबतीत तो आवरायचं मला कारण दिसत नाही. मोठ्यांनी ‘जाऊ नकोस’ म्हटलं की रोझा निघत असे.

आर्खांगेल्स्कमध्ये शिक्षण सुरू झालं, पण १९४० साली सरकारने वरच्या वर्गांना फी लावली आणि अनेकांची शिक्षणं अडली. रोझाने नोकरी धरली. ११ सप्टेंबर १९४१ पासून ती बालवाडी क्रमांक दोनमध्ये जाऊ लागली. दिवसा मुलं, संध्याकाळी अभ्यास. मुलांची आणि पालकांची ती लाडकी होती असं सांगतात. त्याच सुमाराला त्याच बंदरात ब्रिटनहून युद्धसामग्री घेऊन येणारे पहिले ताफे लागू लागले होते. बंदर आलं म्हणजे बॉम्बफेक आलीच. रात्री इमारतींच्या छपरांवर पहारा द्यायचा, पडलेले आगीचे बॉम्ब विझवायचे, हे कामही या मुलींनी केलं.

डिसेंबर १९४१ मध्ये घरी कागद आला: भाऊ मिखाईल लेनिनग्राडच्या वेढ्यात गेला. वय एकोणीस. रोझाने सैन्यात घ्या म्हणून अर्ज केला. लगेच कोणी घेतलं नाही. सोव्हिएत युनियनमध्ये युद्धकाळात सुमारे आठ लाख बायका सैन्यात गेल्या, पण पहिल्या दीड-दोन वर्षांत त्यांना मुख्यतः शुश्रूषा, तारायंत्र, विमानविरोधी तोफा अशा ठिकाणीच नेमलं जाई. रोझाची भरती झाली ती जून १९४३ मध्ये आणि तिला पाठवलं गेलं बायकांसाठी काढलेल्या मध्यवर्ती स्नायपर शाळेत. ही शाळा पुढे मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कला हलली. युद्ध संपेपर्यंत तिथून हजारावर स्नायपर आणि चारशेच्या वर प्रशिक्षिका बाहेर पडल्या.

या शाळेत काय शिकवत? नेम धरणं हा त्यातला लहान भाग. मोठा भाग होता न हलणं. उजाडण्याआधी दोघींच्या जोडीने दोन फळ्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात जायचं, आडोसा करायचा आणि अंधार पडेपर्यंत तिथेच राहायचं. हिवाळ्यात बर्फात, उन्हाळ्यात डासांत. एकीने बघायचं, दुसरीने डोळे मिटून घ्यायचे, मग अदलाबदल. खोकला आला तरी गिळायचा. गोळी झाडली की जागा उघडी पडली असं समजायचं. हातात मोसिन रायफल, दुर्बिणीसकट साडेचार किलोच्या आसपास. या रायफलीत पाच गोळ्या मावत, पण वर दुर्बीण बसवली की क्लिपने पाचही गोळ्या एका दाबात भरता येत नसत, एकेक करून आत सारावी लागे. प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागेपुढे करायचा. रोझाची ख्याती होती ती लागोपाठच्या दोन गोळ्यांत दोन लक्ष्यं टिपण्याची. या रायफलीवर ते किती अवघड, हे त्या खटक्यावरून कळावं.

शाळेने तिला प्रशिक्षिका म्हणून ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. तिने नाही म्हटलं.

२ एप्रिल १९४४ रोजी ती १८४ व्या रायफल डिव्हिजनमध्ये दाखल झाली. तिथे मुलींची स्वतंत्र स्नायपर तुकडी होती. दुसऱ्याच दिवशी तिने विसावं वर्ष पूर्ण केलं. ५ एप्रिलला, बेलारूसमधल्या व्हितेब्स्कच्या आग्नेयेला, तिने पहिला माणूस मारला. गोळी लागलेली तिने दुर्बिणीतून पाहिली आणि तिच्या पायांतलं बळ गेलं. खंदकात घसरून ती बसून राहिली. मी माणूस मारला, एवढंच तिच्या तोंडून निघालं. मैत्रिणी धावत आल्या. माणूस कसला, फॅसिस्ट मारलास, असं म्हणून त्यांनी तिची समजूत काढली.

हा प्रसंग रोझाबद्दलच्या बहुतेक लेखांत येतो, कारण वाचकाला तो सोयीचा आहे. पोर हळवी होती, युद्धाने तिच्याकडून हे करवून घेतलं, असं म्हणून आपण सुटतो. पण त्यानंतर सात महिन्यांनी तिने वहीत काय लिहिलं, तेही त्याच्या शेजारी ठेवायला हवं. आता आपण थंड डोक्याने मारतो आणि आयुष्याचा अर्थ आपल्याला त्यातच दिसतो, असा त्या नोंदीचा आशय आहे. इथे पुष्कळ लेखक पान उलटतात. मी उलटणार नाही. ती ज्या भूमीवर लढत होती तिथे जर्मनांनी शेकडो गावं माणसांसकट जाळली होती. भाऊ गेला होता. आजूबाजूच्या मुली मरत होत्या. तिच्या त्या वाक्यामागे हे सगळं आहे. तरीही ते वाक्य वाचून अंगावर येतं, आणि यायला हवं. ती स्वतः ते लपवत नाही, मग आपण तिच्या वतीने कशाला लपवायचं?

त्रिकोणी कागद

लाल सेनेच्या सैनिकाला टपाल फुकट होतं, पण पाकिटांची टंचाई होती. म्हणून कागदावर लिहून त्याचीच घडी घालून त्रिकोण करायचा आणि बाहेरच्या बाजूला पत्ता लिहायचा. चिकटवायचं नाही, कारण वाटेत सेन्सॉर उघडून वाचणार. वाचल्याचा शिक्का बसला की पत्र पुढे. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे फक्त रणटपालाचा क्रमांक. कुठल्या गावाजवळ आहोत, तुकडी कुठली, किती जण पडले, यातलं काहीही लिहायला बंदी.

राहतं काय? प्रकृती बरी आहे. काळजी नसावी. थंडी आहे, पण बूट चांगले मिळालेत. जगातल्या कुठल्याही सैनिकाचं घरचं पत्र काढा, हा मजकूर सापडेल. त्यात सेन्सॉरचा धाक असतो, पण आईचा धाक त्याहून मोठा. ‘काल माझ्या शेजारची मेली’ असं आईला कोण लिहील? म्हणून स्नायपरची घरची पत्रं वाचताना, ती काय सांगत नाहीत याचाच अंदाज घ्यावा लागतो.

रोझाच्या बाबतीत आपलं नशीब असं, की तिने मन मोकळं केलं ते घरापासून जरा दूरच्या माणसापाशी. मोल्चानोव तिला आघाडीवर भेटत असे. तो ना आई होता, ना वरिष्ठ. त्याला लिहिलेल्या पत्रांत ती तक्रार करू शकत होती, हट्ट करू शकत होती. आणि ६ ऑक्टोबर १९४४ पासून तिने रोजनिशी धरली. आघाडीवर रोजनिशी ठेवणं नियमाविरुद्ध होतं, ती शत्रूच्या हाती लागली तर पंचाईत. तिने तोड काढली. मेलेल्यांसाठी ‘काळे’ आणि जखमींसाठी ‘लाल’ असे सांकेतिक शब्द वापरले. दुसरं कोणी वाचणार नाही अशा वहीतही सेन्सॉर तिच्या खांद्यावरून डोकावत होता. अशा तीन जाडजूड वह्या तिने भरल्या.

पत्रांमध्ये आणि वह्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, जवळजवळ रडगाण्यासारखी: मला पुढे जाऊ द्या. सैन्याचं धोरण उलटं होतं. स्नायपर तयार करायला महिने लागतात. फळ्या एका जागी थांबलेल्या असताना त्याचा खरा उपयोग, धावत्या हल्ल्यात तो वाया जातो. त्यात मुली. त्यामुळे हल्ला सुरू झाला की मुलींच्या तुकडीला मागे ठेवण्याचे हुकूम निघत. २२ जून १९४४ पासून बेलारूसमधली मोठी चढाई सुरू झाली, तेव्हाही तसेच हुकूम निघाले. रोझा ते मोडून पायदळाबरोबर पुढे सरकत राहिली. परत आली की बोलणी, शिक्षा. पुन्हा जाई. पळून शहरात नाचायला जाणारे सैनिक प्रत्येक फौजेत असतात; ही आघाडीकडे पळून जायची. पाचव्या आर्मीचे प्रमुख जनरल निकोलाय क्रिलोव यांच्याकडे तिने दाद मागितली. स्टालिनला दोनदा पत्र लिहिलं. त्या काळात स्टालिनला पत्र लिहून हुकूम बदलून मागायचा, तोही एका सार्जंट मुलीने, हे धाडस कुठल्या जातीचं आहे ते वाचकाने ठरवावं.

का? देशभक्ती हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे, कारण देशभक्ती मागच्या फळीतूनही करता येते. मला वाटतं उत्तर त्या दुर्बिणीत आहे. साडेतीन पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून दोनशे मीटरवरचा माणूस साठ मीटरच्याही आत आल्यासारखा दिसतो. त्याची टोपी दिसते, तो सिगारेट पेटवताना दिसतो, शेजाऱ्याशी बोलताना दिसतो. पायदळातला शिपाई हल्ल्यात गोळी झाडतो, पण ती कुणाला लागली हे त्याला कित्येकदा कळतही नाही. तोफखान्यातला तर नकाशावरच्या आकड्यांवर मारा करतो. स्नायपरला मात्र प्रत्येक वेळी एकच माणूस दिसतो, आणि त्याची नोंद वहीत करावी लागते, साक्षीदाराच्या सहीनिशी. हे एकट्याचं, मोजलेलं, थंड काम आहे. गर्दीत धावत, ओरडत, सगळ्यांबरोबर हल्ल्यात जाणं हे तिला त्यापेक्षा सोपं वाटत असावं. हा माझा अंदाज आहे. पण तिच्या वह्यांत एकटं पडण्याची भीती मरणाच्या भीतीपेक्षा जास्त वेळा भेटते, हा त्याचा आधार.

सोबत मात्र तिला चांगली लाभली होती. साशा एकिमोवा आणि कालेरिया पेत्रोवा या शाळेपासूनच्या दोन मैत्रिणी. तिघी एकत्र भटकत, एकत्र हुकूम मोडत, म्हणून ‘भटकं त्रिकूट’ अशीच त्यांची ओळख पडली. युद्धातून तिघींपैकी एकटी कालेरिया परतली. वह्यांमध्ये मिखाईल पानारिन नावाचा एक तरुणही आहे, तो गेल्याचं रोझाला मान्यच करता येत नाही. आणखी एक निकोलाय आहे. तिच्याच लेखी, त्याच्यावर तिचं प्रेम नाही.

जुलै १९४४

८ ते १३ जुलै १९४४ या दिवसांत व्हिल्नियस शहरासाठी लढाई झाली. रोझाने टिपलेल्यांपैकी बारा जण या लढाईतले. त्याच आठवड्यात, १० जुलैला, युरोपच्या दुसऱ्या टोकाला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले नाईक यशवंत घाडगे एका मशिनगनच्या ठाण्यावर एकटेच चालून गेले. त्यांच्या सेक्शनमधले जवळजवळ सगळे पडले होते किंवा जखमी होते. घाडगेंनी हातबॉम्ब टाकला, टॉमीगनने एकाला टिपलं, मॅगझिन बदलायला सवड नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. ठाणं जिंकलं, आणि तिथेच शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्यांनी ते गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या वीराचं स्मारक रायगड जिल्ह्यात माणगावला आहे.

हा प्रसंग इथे आणला तो एका कारणासाठी. स्नायपरची गोष्ट आपण नेहमी दुर्बिणीच्या मागच्या बाजूने ऐकतो. रोझाच्या वहीतल्या प्रत्येक आकड्याच्या जागी कुणीतरी असाच एकजण होता, आणि त्याच्याही गावी तार गेली. माणगावच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

१९४४ च्या एप्रिलमध्येच, कोझ्यी गोरी गावाच्या लढाईनंतर, रोझाला ‘ऑर्डर ऑफ ग्लोरी’चा तिसरा वर्ग मिळाला होता. तिच्या आघाडीवर हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. हे पदक मुख्यतः शिपाई आणि सार्जंटांचं, अधिकाऱ्यांना ते सहसा नसे. सप्टेंबरमध्ये दुसरा वर्ग मिळाला. एका चकमकीत तिने तिघांना कैद करून आणल्याचीही नोंद आहे. वर्तमानपत्रांना ती हवीच होती: निळे डोळे, हसरा चेहरा, खांद्यावर रायफल. इल्या एरेनबुर्गसारख्या मोठ्या लेखकाने तिची वाखाणणी केली. कॅनडातल्या एका दैनिकाने सप्टेंबरात तिचं वर्णन पूर्व प्रशियाची अदृश्य दहशत असं करून टाकलं, तेव्हा ती पूर्व प्रशियाच्या उंबऱ्यावर नुकती कुठे पोचत होती.

रोझाला या प्रसिद्धीचं फार कौतुक नव्हतं. आपण केलं त्याहून जास्त छापून येतं, अशी तिची कुरबुर होती. मला हे महत्त्वाचं वाटतं. सोव्हिएत प्रचारयंत्रणेला स्नायपर बायका फार सोयीच्या होत्या. ल्युदमिला पावलिचेन्को हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव, तिच्या खात्यावर ३०९ टिपल्याचा आकडा. १९४२ मध्ये जखमी झाल्यावर तिला आघाडीवरून काढून थेट अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं, तिथे पत्रकारांनी तिला गणवेशाच्या स्कर्टच्या लांबीबद्दल आणि चेहऱ्याच्या रंगरंगोटीबद्दल प्रश्न विचारले. आकड्यांवर तेव्हापासून आजतागायत वाद घातले जातात. रोझाचा रूढ आकडा ५९. तो दोन कमी निघाला किंवा चार जास्त, तर काय बदलतं? तिच्या वह्यांत खाणं, पाऊस, भांडणं, मैत्रिणींची आजारपणं, ओल्या कपड्यांत काढलेल्या रात्री यांनी जितकी जागा घेतली आहे, तितकी आकड्यांनी घेतलेली नाही.

पूर्व प्रशिया

१२ डिसेंबर १९४४ रोजी तिच्या उजव्या खांद्यात गोळी घुसली. बहुधा समोरच्या स्नायपरचीच. आदल्या दिवशी आपल्याला नेमक्या याच ठिकाणी जखम झाल्याचं स्वप्न पडलं होतं, असं तिने लिहून ठेवलं आहे. जखम तिच्या मते किरकोळ, दोन भोकं. महिन्याभरात ती परत. त्या महिन्याच्या अखेरीस तिला शौर्यपदक मिळालं, ऑक्टोबरातल्या एका जर्मन प्रतिहल्ल्यात जागा न सोडल्याबद्दल. आणि ८ जानेवारी १९४५ ला, इतकी पत्रं, इतके अर्ज, इतक्या शिक्षा झाल्यावर, तिला हवं ते मिळालं. पुढच्या फळीत लढण्याची रीतसर परवानगी.

पाचच दिवसांत पूर्व प्रशियावरची शेवटची मोठी चढाई सुरू झाली. १७ जानेवारीला तिने एक पत्र लिहिलं, ते टपालात पडलं नाही. बटालियनमधल्या ७८ पैकी ७२ जण गेले आहेत, आपलाही नंबर लवकरच लागेल, असं त्यात आहे. टपालात पडतं तरी हा आकडा सेन्सॉरच्या हातून सुटला नसता. वहीतली शेवटची नोंद २४ जानेवारीची. मारा इतका तीव्र, की सैनिक स्वयंचलित तोफगाड्यांच्या पोटात आसरा घेत होते, ती स्वतःसुद्धा.

तेव्हाही ती युद्धानंतरचे बेत करत होती. विद्यापीठात शिकायचं, आणि ते जमलं नाही तर अनाथ मुलं वाढवायची. आईवडिलांनी तीन सांभाळली होती, तिला तो संसार माहीत होता.

२७ जानेवारीला एका जखमी तोफखाना अधिकाऱ्याला आड घेत असताना तोफगोळ्याचा तुकडा तिच्या छातीत आणि पोटात घुसला. दोन सैनिकांना ती सापडली तेव्हा ती दोन्ही हातांनी पोट धरून होती. दुसऱ्या दिवशी, २८ जानेवारीला, रिखाऊ नावाच्या जमीनदारी वाड्याजवळ तिने प्राण सोडला. शेवटच्या घटकेला जवळ असलेल्या परिचारिकेला आठवतं ते असं, की फार थोडंच करता आलं, याची रोझाला खंत होती. एकविसावं पूर्ण व्हायला दोन महिने आणि काही दिवस उरले होते. आल्ले नदीच्या काठावर एका नासपतीच्या झाडाखाली तिला पुरलं. नंतर अवशेष झ्नामेन्स्क गावी हलवले. तो भाग आज रशियाच्या कालिनिनग्राड प्रांतात येतो.

वह्या आणि पत्रं मोल्चानोवकडे राहिली. वीस वर्षं त्याने ती सांभाळली. १९६५ मध्ये ‘यूनोस्त’ या तरुणांच्या मासिकात रोजनिशी छापून आली. तेव्हा त्याचा संपादक होता बोरिस पोलेवोय, स्वतः एकेकाळचा युद्धवार्ताहर. मूळ वह्या पुढे आर्खांगेल्स्कच्या प्रांतिक संग्रहालयात गेल्या. नताल्या कोव्शोवा या मॉस्कोवासी दुसऱ्या एका स्नायपर मुलीची पत्रंही अशीच वाचली. ऑगस्ट १९४२ मध्ये घेरल्या गेल्यावर तिने आणि तिची मैत्रीण मारिया पोलिवानोवा हिने हातबॉम्बने स्वतःला उडवून घेतलं होतं. ती पत्रं तिच्या आईने जपली आणि मुलीवर पुस्तक लिहिलं. एकीकडे वार्ताहर, दुसरीकडे आई. कुणीतरी एका माणसाने ठरवलं की हे कागद टाकायचे नाहीत, म्हणून या मुली आपल्यापर्यंत पोचल्या. बाकीच्या हजारोंचे फक्त आकडे उरले.

आपल्याकडचा हिशेब कसा आहे? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांची पत्रं ब्रिटिश सेन्सॉर उघडून वाचत, त्यातल्या निवडक मजकुराचं इंग्रजी भाषांतर करून अहवाल वर पाठवत. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यांत मराठी शिपायांची पत्रंही आहेत. म्हणजे आपल्या माणसाने आघाडीवरून आईला काय लिहिलं हे कळायचं तर ते इंग्रजीतून, तेही पाळत ठेवणाऱ्याच्या कृपेने. मूळ मराठी कागद पुढे गावी पोचले, आणि गावीच संपले. चुलीत गेले, वाळवीने खाल्ले, घर पाडताना ढिगाऱ्यात गेले.

सगळेच गेले असतील असं मात्र नाही. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे, कोल्हापूरकडचं सैनिक टाकळी, रायगड-रत्नागिरीतली कितीतरी गावं अशी आहेत, की तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक माणूस फौजेत आहे. बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर, कारगिल; त्या त्या वर्षांची आंतरदेशीय पत्रं, रणटपालाचा शिक्का मारलेली, कुठल्या तरी ट्रंकेत, देवघराच्या मागे, जुन्या पासबुकांच्या खाली असतील. त्यातली जुनी पत्रं लिहिणारे गेले असतील, ती वाचणाऱ्या आता नव्वदीच्या घरात असतील.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात असं काही असेल, त्यांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत ती पत्रं रद्दीत घालू नका. लॅमिनेशनही करू नका, त्याने कागद कायमचा खराब होतो. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, पत्र कुणी कुणाला कधी लिहिलं ते शेजारी टिपून ठेवा, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्या पत्रातलं जे कळत नाही ते त्यांना आजच विचारून घ्या. मग मूळ कागद घरी ठेवा, किंवा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जाणत्या संस्थेशी बोला.